अर्धा शब्द

आदहुंतासच्या डोंगरात, कॉफीच्या मळ्यामागे,
डोन्या इराइदाच्या पडवीत माझं सामान:
दोन माइक, एक वही,
साबणाच्या वडीएवढा स्पीकर,
आणि चिकटपट्टीवर माझ्याच अक्षरात
'नर क्रमांक सतरा'.

सतरा म्हणजे दोन पेरांएवढा बेडूक,
रंग ओल्या तंबाखूचा.
वाळून गुंडाळी झालेल्या केळीच्या पानात त्याचं बिऱ्हाड.
अंधार पडला की गळा फुगवतो, अंगापेक्षा मोठा,
आणि दोनच अक्षरं म्हणतो:
को. की.

बेटावरचे लोक त्याला त्याच्याच आवाजानं ओळखतात, कोकी.
नराचे कान 'को'वर लागलेले, मादीचे 'की'वर,
एका श्वासात दोन पत्रं, दोन पत्त्यांवर.
मला तरी भाषांतराची गरज पडली नाही.
को : कोण रे तिकडे?
की : ये की. बस की. अगं थांब की जरा.
आर्जवाची ती शेपटी,
जिचा अर्थ विचारला तर सांगता येत नाही
आणि गाळली तर वाक्य दारातच उभं राहतं.

आठ वाजता स्पीकर ठेवला, त्याच्या पानापासून हातभर.
आत भलत्याच डोंगरातला, भलत्याच वर्षीचा कुणी नर.
सतरा थबकला.
मग त्यानं 'की' टाकून दिली.
को. को. को. को.
मी पाच-पाचाच्या रेघा मारत गेलो.
आवाज एक काटा चढवला, तोही चढला.
आणखी एक.
तोही.

खालच्या अंगाला इराइदाचा दीर निकानोर
याच सुमाराला कुंपणाशी येतो.
आवोकादोचं झाड तिचं की त्याचं,
बावीस वर्षं चाललंय.
तो खालून ओरडतो, ती चुलीपाशी बसूनच उत्तर देते,
सव्वाआठला दोघं आपापल्या घरी जेवायला बसतात.
"एखाद्या रात्री ओरडला नाही," ती म्हणाली,
"तर कंदील घेऊन जाते. जिवंत आहे का बघायला."
मग स्पीकरकडे हनुवटी उडवून:
"ह्याचं काय? हा दमत नाही,
ह्याला भूक लागत नाही,
ह्याच्याशी भांडून संपणार कसं?"

दोन वाजता सतरा पानातून बाहेर आला,
स्पीकरवर चढला, जाळीला चावला.
वहीत माझा शेरा आहे: उत्तम प्रतिसाद.
खाली दोनदा रेघ.

सकाळी तिचा नातू होनिएल पान उलगडून उभा होता,
वय वर्षं नऊ, शाळेचा शर्ट उलटा घातलेला.
आत अंडी, भिजलेल्या साबुदाण्यासारखी,
प्रत्येकात शेपटी न झालेला, थेट बेडूकच,
दोन काळे डोळे.
यांच्यावर बापानं बसायचं असतं, अंगाच्या ओलीनं जपत.
कडेची सुकली होती.
उरलेल्यांपर्यंत मुंग्यांची रांग पोचली होती.
मी त्याला सडा समजत होतो.
म्हणजे पानात वाकून बघितलंच नव्हतं.

होनिएलनं मोजली. एकवीस.
"लिहा," म्हणाला. लिहिलं.
इराइदानं कॉफी दिली, साखर न घालता,
एवढंच.

आज स्पीकर पिशवीत आहे, बॅटरी काढून.
निकानोर येऊन, ओरडून गेला.
शेजारचा सोळा नंबर दोन्ही अक्षरं म्हणतोय,
मळाभर सगळेच म्हणताहेत,
सतराचं पान गप्प.

अकराच्या पुढे कधीतरी:
को.
अगदी हळू, जणू भिंत आहे का चाचपून बघतोय.

पेन्सिल हातात आहे.
पुढचा रकाना
मी अजून मोकळा ठेवलाय.