वाहक

सिव्हिलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
तुम्ही वाहक आहात.
म्हटलं, हो, बावीस वर्षं.
आधी अक्कलकोट, आता बार्शी.
त्या हसल्या. तसं नव्हे,
आणि केसपेपरच्या मागं दोन फुल्या काढल्या.
एकीवर बारीक टिंब.
हे जनुक. इथं बिघाड आहे.
दुसरी फुली धड, म्हणून तुम्हाला रंग कळतात.
मुलाला फुली एकच,
आणि ती आईची.

बाहेर बाकावर भार्गव.
रेल्वेचा पेपर सुटला होता, इंजिन चालवायचं होतं,
पण ठिपक्यांच्या पुस्तकात
त्याला आकडा सापडला नाही.
चिडला नव्हता. नुसता बूट बघत होता.

नान्ना असंच बघायचे कांड्यांकडे.
साखर पेठेत मागावर बसले की मला हाक:
एर्रा? पच्चा?
मी लाल डावीकडे ठेवायची, हिरव्या उजवीकडे.
मला वाटायचं, खेळ आहे.
मालकाला कधीच कळलं नाही.
जकार्डचे पत्ते मात्र ते
लाइट गेल्यावरही वाचायचे, बोटांनी.
भोक असेल तर दोरा वर,
नसेल तर खाली.
एक भोक चुकलं की
मोराची मान तुटायची
प्रत्येक चादरीत,
त्याच जागी.

हे सांगितलं तर बाई लिहायच्या थांबल्या.
मग वडिलांचंच.
बापाची ती एकुलती फुली लेकीला जातेच,
लेकांना कधी नाही.

घर लेकांना गेलं, माग लेकांना.
मला दोन तोळे आणि कपाट,
असा हिशेब भावांनी मांडला होता.
त्यात हे धरलेलं नव्हतं.
आणि मी, लोकांची तिकिटं तपासणारी,
एक बिनतिकिटाचा प्रवासी
आतल्या आत घेऊन फिरत होते.

रात्री हरिप्रियानं विचारलं,
माझ्यात असेल का गं?
पिशवीतून सुटा रुपया काढला.
छापा किंवा काटा, एवढंच आहे, म्हटलं.
उडवला नाही.
पिशवीत परत टाकला.

पण ते रात्रीचं.
दुपारी येताना सात रस्त्याला सिग्नल लागला.
वरचा म्हणजे लाल, खालचा हिरवा,
त्याला जागा पाठ आहेत.
तरी खालचा लागल्यावर
त्यानं गाडी हलवली नाही.
मागून हॉर्न.
मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला,
म्हटलं, पच्चा.