खडा

मे महिना. लाहतीच्या उत्तरेला
तळ्यावरचा बर्फ नुकताच फुटलाय.
हँगरात कॉफी उकळतेय,
इर्मेली वही उघडते:
एकतीस वर्षं, चौऱ्याऐंशी हजार उड्डाणं,
शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक नुसती रेघ.

आम्हाला एकच उड्डाण पाठ आहे.
ताउनोचं. विंचचा दोर ताणलेला,
ग्लायडर नाक वर करून निघालेलं,
आणि कॉकपिटच्या झाकणाची कडी उघडी.
तो ती धरायला गेला, एवढंच.

तेव्हापासून जो तो कडी तीनदा चाचपतो.

"कडीनं गेला तो एक," इर्मेली म्हणते,
"उतरतानाच्या शेवटच्या वळणावर, वेग कमी पडून,
इतर क्लबांतले धरून एकोणीस.
सांगा बरं त्यांची नावं."
कुणी बोलत नाही.
एइनो चमचा ढवळत राहतो,
साखर केव्हाच विरघळलेली.

शितावरून भाताची परीक्षा, ठीक.
पण ते शीत नव्हतं, खडा होता.
दाताखाली आला म्हणून राहिला लक्षात.
भात कसा होता, ते कुणाला आठवतंय?

तिचं मला पटतं.
पण ताउनोचा थर्मास माझ्या कपाटात आहे,
झाकण त्यानं पिळलं होतं तसंच, घट्ट.
एकोणिसांपैकी कुणाचंच काही
माझ्याकडे नाही.

दुपारी एइनोच्या मागच्या सीटवर बसतो.
कडी: एकदा, दोनदा, तीनदा.

शेवटच्या वळणावर बर्चची झाडं जवळ येतात,
वाऱ्याचा आवाज मंदावतो,
त्याचा हात पुन्हा कडीकडे.

"वेग," मी म्हणतो.
"पोरा, वेग बघ."