साडेसातच्या बोटीवरची डिस्क

ओर्टाच्या धक्क्यावर एव्हारिश्तू माझ्या हातात मोजा देतो.
लोकरीचा, करडा, टाचेला रफू केलेला.
आत हार्ड डिस्क.
पलीकडे पिकू बेटावर त्याची बहीण दुल्सीनिया
व्हॅनचं इंजिन चालू ठेवून उभी.
मधे अर्धा तास समुद्र. मी बोटीवरचा खलाशी,
दोर टाकतो, दोर सोडतो, मोजा पोचवतो.

डिस्कमध्ये त्यांचा बाप आहे.
उभा जन्म कड्यावरच्या खोपीत बसून
देवमाशांचे फवारे हेरणारा,
आणि दिवस कलला की टेपरेकॉर्डरशी बोलणारा:
वारा किती, कोणाची होडी आधी पोचली,
बायकोनं डब्यात काय दिलं.
दोनशे अकरा कॅसेट
एव्हारिश्तूनं आपल्या विंडोजवर उतरवून घेतल्या.

दुल्सीनियाकडे मॅक.
पहिल्याच खेपेला ती माझ्यावरच खेकसली,
"ऐकू येतंय सगळं, पण एक अक्षर लिहू देत नाही मला!"
कुठल्या टेपवर कोण खोकतंय हे तिलाच ठाऊक,
लहानपणी डबा घेऊन तीच चढायची वर.
मग तिनं वाण्याच्या बिलामागे लिहून
कागद मोज्यात कोंबला.
'सदतीस: शिंकतोय तो आनिबल मामा.
बावन्न: इथे बाबा रडतोय. वारा नाही तो.'

पुढे हट्टानं तिनं दुसरी, कोरी डिस्क आणली,
मॅकच्या रीतीनं आखली, दहा रात्री जागून नावं घातली.
भावाच्या पडद्यावर पाटी झळकली:
वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल.
करायची?
त्यानं माउसवरचा हात उचलून खिशात घातला,
असं तो सांगतो. शिवीही हासडली असणार.

फेब्रुवारीत एका सकाळी मोजा आला नाही.
एव्हारिश्तू स्वतः आला, कॉम्प्युटर छातीशी धरून,
आईला पुरल्यावर सहा वर्षांत पहिल्यांदा.
लाटा दांडग्या होत्या. दोनदा ओकला.
"दोन्ही यंत्रं एका टेबलावर हवीत," म्हणाला,
जसं काही मी कारण विचारलं होतं.

सगळं आधी दुसरीकडे हलवायचं,
मग डिस्क पुसायची, मग दोघांनाही उमगेल अशी आखायची,
मग परत भरायचं. एक्सफॅट म्हणतात त्याला.
मला ते खारवलेल्या माशाचं नाव वाटलं.
दिवसभर पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती म्हणे.
तेवढ्या वेळात ते काय बोलले, ठाऊक नाही.
शेवटच्या बोटीनं तो परतला
तेव्हा अंगाला चीजचा वास होता
आणि एका पायात मोजा नव्हता.

आता तो कुरकुरतो: तिचा मॅक
प्रत्येक फाइलीशेजारी ठिपका लावलेली एक पिल्लू-फाइल टाकून जातो,
जेवून उठल्यावर पावाचा चुरा पडावा तसा.
ती निरोप धाडते: काढण्याआधी इजेक्ट कर, गाढवा,
ही डिस्क अर्धवट राहिलेलं लक्षात ठेवत नाही.

मोज्यात कागद येत नाही हल्ली.
तरी मी चाचपतो.
एकदा न राहवून विचारलं, बावन्नचं काय झालं?
"त्यानं नाव बदललं. 'वारा' केलं.
मी पुन्हा 'बाबा' केलं.
त्यानं पुन्हा वारा."
तिनं व्हॅनचं दार आपटलं, मग काच खाली केली.
"आता दोघांनाही लिहिता येतं ना."

आज डिस्क त्याच्याकडून निघालीय.
आत काय लिहिलंय, मला कळायचं नाही.
भोंगा झाला. दोर सोडतो.