सत्तावीस नंबरची टाकी

तीन दिवस सत्तावीस नंबर गप्प.
सड्यावरच्या बाकीच्या टाक्या रात्रभर मोजतायत,
आकाशातून काय काय आरपार गेलं ते.
रिवणात दुपारचा जांभा चपलेतून भाजतो.
शाबलोनं पेटी उघडली:
बॅटरीच्या उबेला मुंग्यांनी घातलेली अंडी.

माडाच्या हिरानं तो चिमूट-चिमूट अंडी
करवंदीच्या जाळीत नेऊन ठेवतो.
मी घाई करत नाही.
कुठलासा तारा फुटून लाख वर्षं झाली,
त्याचा एखादा कण आज चुकला तर चुकला.

"आत्ता तुझ्या तळहातातूनही एक गेला," मी म्हणालो.
त्यानं हात उलटा केला,
खालची जमीन निरखली.
मग फणसाला मारतात तशी
टाकीला टिचकी मारली.
"पिकलाय," म्हणाला.

वायर अजून जोडायची होती.