चप्पल

बिडवे मावशींकडं कूलरला हात लावायचा तर आधी चप्पल.
नव्या सुनेला हे दुसऱ्याच दिवशी सांगितलं गेलं,
मिठाची बरणी कुठं, याच्याही आधी.
फ्रिज उलट्या हातानं उघडायचा.
मोरीतलं बटण लाटण्यानं दाबायचं.
मागच्या भिंतीला टेकून बसायचं नाही,
ती जरा धरती.

"लई नाही, मुंग्या चावल्यावानी.
पंधरा वर्षं झाली, कोण मेलंय का?"

मी स्टुलावर चढले.
लाकडी पट्टी स्क्रूसकट हातात आली,
आतून भुगा, पालीची अंडी,
आणि सुती वेष्टणाची वायर,
बोट लागलं की अंगाऱ्यासारखी गळणारी.
चिनी मातीच्या फ्यूजात तांब्याची जाड तार, तिपदरी पिळलेली.
"ह्यांनी घातलेली. तवापासून एकदाबी उडाला नाही."
वितळणं हेच ज्याचं काम,
त्याला या घरात कुणी वितळू दिलं नव्हतं.

मागच्या भिंतीला टेस्टर टेकवला.
दिवा लागला.

अर्थिंग? परसात, पेरूच्या बुडाशी.
काळ्या रानाला मनगट जाईल एवढी भेग,
आणि माती पाइपापासून बाजूला सरकलेली,
वाटणी झालेल्या भावासारखी.
खड्डा खणला, कोळसा भरला, मीठ भरलं,
हिरवी वायर कूलरपर्यंत नेली.
मग म्हणाले, इथं रोज बादलीभर पाणी ओता.

मावशींनी असं बघितलं
जसं मी रोज शेरभर तूप मागितलंय.
उदगीरच्या या गल्लीत नळ नवव्या दिवशी,
पिंपांवर खडूनं तारखा.
सून हळूच म्हणाली, "भांड्याचं खरकटं चालंल का?"
चालतं. तिला ओल पाहिजे, कशाची ते ती विचारत नाही.

मेन चालू केला.
सुनेनं अनवाणी पायानं कूलरवर तळहात ठेवला
आणि ठेवूनच राहिली,
तापलेलं पोर निवलंय का बघावं तशी.

मागच्या खोलीची वायरिंग दिवाळीनंतर, पैसे आल्यावर.
तोवर कुणी हात लावू नये म्हणून
उरलेल्या कोळशानं भिंतीवर मी मोठी फुली मारली.

महिन्यानं गेले तर फुलीवर
गणपतीचं कॅलेंडर.
घरात कसं दिसतं ते, म्हणाल्या मावशी.
खिळा नवा होता, चांगला तीन इंची.

"ठोकताना पायात चप्पल होती त्यांच्या,"
सून म्हणाली.