दोर किती लांब होता

सकाळी सहाला जहाज येतं
आणि माझ्या स्वयंपाकघरातलं ऊन जातं.
चौदा मजले. आमच्या चर्चचा मनोरा
त्याच्या चौथ्या मजल्याला कसाबसा लागतो.
भोंगा वाजतो. समोरचा डोंगर तो परत पाठवतो,
मग मागचा, मग बऱ्याच उशिरा,
आठवण झाल्यासारखा, दरीच्या आतल्या टोकाकडून.
शेजारच्या आर्नफिनची बकरी अजूनही दचकते.
मी नाही. मी किल्ल्या घेते.

बस क्रमांक सात. मी गुडवेइग, गेली एकवीस वर्षं.
छातीवर ७ चिकटवलेली अठ्ठेचाळीस माणसं
धक्क्यावर उभी असतात शाळेच्या सहलीसारखी,
रेनकोटची पाकिटं दातांनी फोडत.
अकरा वळणं, दोन धबधबे,
कठड्याशी पंधरा मिनिटं,
मग खाली: वाफल्स, लोकरीचे मोजे, जहाज.

कठडा आला की मी बोट दाखवते.
समोरच्या कड्यावर, पाण्यापासून चारशे मीटर वर,
काडेपेटीएवढं घर.
"तिथं माणसं राहायची. गवत कापायची.
मुलं खाली पडू नयेत म्हणून
त्यांना दोरानं बांधून ठेवायची."
इथं सगळे हसतात. दरवेळी.
मीही हसण्यापुरती जागा सोडते.
त्यातली एक मुलगी माझी आई होती, ओडलाउग,
हे सांगत नाही.
ते तिकिटात धरलेलं नाही.

जुलैतल्या एका मंगळवारी धुकं असं उतरलं
की कठड्याशी उभं राहून कठडा दिसेना.
पैसे भरलेली माणसं पांढऱ्याकडे बघत राहिली.
एकानं पांढऱ्याचाच फोटो काढला.
मी सवयीनं बोट उचललं
आणि घर सांगितलं, गवत सांगितलं, दोर सांगितला.
कोणी हसलं नाही.
मागून एक म्हातारा, कानात यंत्र, टोपी निथळणारी,
म्हणाला, "दोर किती लांब होता?"

एकवीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.
आई समोर बसून टाच विणायची
तेव्हासुद्धा नाही.
"पुरेसा," मी म्हटलं.
त्यानं मान हलवली आणि तो बसमध्ये जाऊन बसला.
रात्री बस झाडताना त्याचा ७
सीटच्या पाठीला चिकटलेला सापडला.
नखानं खरवडला. अर्धाच निघाला.

सप्टेंबरात, जहाज नसलेल्या दिवशी,
आर्नफिननं होडीतून पलीकडे सोडलं.
"काय आणायचंय?"
"माप."
तो पुढे काही बोलला नाही.
बकरीशी मात्र दिवसभर बोलतो.

वर जायला अडीच तास लागले.
छपरावर बर्चचं झाड उगवलंय, माझ्याहून उंच.
उंबऱ्याजवळच्या दगडात लोखंडी कडी आहे अजून,
आतून गुळगुळीत, एका बाजूला झिजलेली,
कड्याच्या बाजूला.
दोर कुठला उरायला.
पण गवतात एक अर्धगोल होता,
इतक्या पायांनी इतकी दाबलेली जमीन
की अजून तिथं झुडूप धरत नाही.
कडीपासून त्या रेषेपर्यंत माझी नऊ पावलं.
रेषेपासून कड्यापर्यंत चार.

त्या चार पावलांत ट्युटेबेरं पिकली होती,
लाल, दाट, कोणी न तोडलेली.
"आमच्या दारची सगळ्यात गोड असतात गं,"
आई म्हणायची,
दर शरदात, बाजारच्या फळांवर
साखर ओतता ओतता.

मी पालथी पडले, कोपरांवर सरकले.
खाली फ्योर्ड, रिकामा, कोणाची वाट न बघणारा.
मूठभर तोडली.

आंबट होती. बाजारच्यांपेक्षाही.
जबडा आवळला, डोळ्यांत पाणी आलं.
पुन्हा हात लांब केला.

खाली आर्नफिननं माझी बोटं बघितली.
"मिळालं माप?"
"नऊ," मी म्हटलं. "आणि चार."
त्यानं इंजिन सुरू केलं.