फणीचे दात

जनता वसाहतीच्या समाजमंदिरात मी तक्ता टांगते.
सहा मीटर भरत नाहीत,
म्हणून खुर्ची उंबऱ्याबाहेर, गटारावरच्या फरशीवर.
अक्षर न येणाऱ्यांसाठी
तीन काड्यांचं एकच चिन्ह, चारी बाजूंना लोळलेलं.
"तोंड कुठंय, हातानं दाखवा."
चांगुणाबाई अडागळे म्हणाली, "ही तर फणी.
दात वर. दात खाली. ही मोडकी दिसते.
पुढं नुसत्या उवा."

रांग हसली. मी लिहिलं: उजवा, सहा-अठरा.
डावा, बोटं मोजते, तीही चुकत.

नंबर लावून ती पहाटेपासून बसलेली.
नंबर तिला पाठ: नळाचा, रेशनचा,
सहकारनगरातल्या नऊ बिल्डिंगांचा.
डोळ्यालाही असतो
हे तिला कचऱ्यानं शिकवलं.

दुधाची धुतलेली पिशवी तिनं पदराखालून काढली.
आत चष्मे. एकवीस.
एकाला काडी नाही, एकाला दोरा,
एक लहान पोराचा, निळा, कडेला ससा.
"बारा वर्षांत साठले. सगळे घालून बघितले.
कुणाच्या नंबरातून जमीन वर यायची,
कुणाच्या नंबरातून जिना खाली पळायचा.
या काळ्यातून तेवढा तांदळातला खडा दिसायचा.
अर्धा."

फॉर्म विचारतो, जवळचं काम कोणतं:
वाचन, शिवण, इतर.
"निवडते," ती म्हणाली.
काय?
"सकाळी कचरा. संध्याकाळी तांदूळ."
मी 'इतर'वर टिक केली
आणि पेन तिथंच थोडा वेळ ठेवला.

चष्मा साठ रुपये.
तिनं चाळीस मोजले, वीस शुक्रवारी.
डाव्यात मोतीबिंदू. ऑपरेशन फुकट, गाडी नेते, गाडी आणते.
"पण मावशी, काही दिवस वाकायचं नाही."
"न वाकता कचरा कसा उचलायचा
तेपण लिहून दे."
त्याला आमच्याकडे रकाना नाही.
कार्ड तिनं तारीख न विचारता ब्लाउजमध्ये खोचलं.

पिशवी मात्र माझ्या टेबलावरच राहिली.
"मशीनवर लाव. ज्याला बसतील त्याला दे.
फुकट नको देऊस, दहा रुपये घे.
फुकटचं लोक हरवतात."

सगळे गेल्यावर मी एकेक काच मशीनखाली धरली.
उणे सहा. अधिक दोन. एक नुसतीच काच,
कुणीतरी दिसण्यासाठी घातलेली.
सशाचा उणे दोन.
सातव्या गल्लीतली रेवू शाळेत फळ्याखालीच बसते,
मान वर करून, पाखराच्या पिलासारखी.
तिला उद्या तपासायला बोलावलंय.

शुक्रवारी चांगुणाबाई आली. वीस रुपये, सगळी चिल्लर.
बोटांना चिंधी नव्हती.
"आता काच आधी दिसते," म्हणाली,
"पहिली आधी लागायची."
मी डाव्या डोळ्याचं विचारलं.
चष्मा काढून तिनं पदरानं पुसला,
पुसायचं काही नसताना.
"जाऊ म्हणाली, आठ दिवस तुझ्या बिल्डिंगा मी करते.
आठच.
पुढचं मग बघू."